चौदा आणे दुखणं: टोंगळ्याच्या ऑपरेशननंतर ॲक्युपंक्चर, एका काकूंची पूर्ण केस

ऑपरेशनच्या नवव्या दिवशी काकूंच्या मुलाचा फोन आला, "ताई, माय टोंगळा वाकवूच देत नाही, हात लावला की वरडते, तुम्ही येऊन पाहता का एकदा?" आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, मी इथेही तोच शब्द ठेवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दर्यापूर तालुक्यातल्या गावांत घरोघरी जाऊन पेशंट बघते, ॲक्युपंक्चर नंतर शिकले आणि त्याचं रजिस्ट्रेशनही केलंय. ही केस लिहायला बसले कारण ऑपरेशननंतर सुया टोचून दुखणं जातं का हो, असं मला आता दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि त्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर दिलं की ऐकणारा नेमका चुकीचा अर्थ घेऊन घरी जातो. म्हणून काय केलं, कधी केलं, कुठे फसलं ते सगळं सांगते. काकूंना विचारून लिहितेय, नाव-गाव देत नाही.

काकू ६२ वर्षांच्या. पूर्णेच्या काठचं गाव, खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. जन्मभर निंदण आणि कापसाची वेचणी, दोन्ही टोंगळे घासलेले, उजवा जास्त. सोयाबीनचे पैसे हातात आले तसं मुलाने अमरावतीला नेऊन उजव्या टोंगळ्याचा सांधा बदलून आणला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, एक्सरे मी पाहिला, जखमही स्वच्छ होती. चौथ्या दिवशी सुट्टी झाली आणि खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला.

फाईल नीट वाचली तेव्हा घोटाळा लक्षात आला. ऑपरेशनच्या आधीचं क्रिएटिनिन १.६ होतं, बाईमाणसाचं साधारण १.१ च्या आत पाहिजे, म्हणजे किडनी आधीच कमजोर. त्यामुळे सर्जननी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हा सगळा गट बंद म्हणून लिहून दिला होता, कारण या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि कमजोर किडनीला ते झेपत नाही. राहिलं काय, तर पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा आणि ट्रामाडॉल. ट्रामाडॉलने काकूंना अशा उलट्या झाल्या की दोन दिवस पोटात भाकर टिकली नाही, हॉस्पिटलला फोन करून ती गोळी बंद केली. आता नुसत्या पॅरासिटामॉलवर सांधा बदललेला टोंगळा वाकवायचा म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत, आणि नाही वाकवला तर आतल्या आत सगळं चिकटून बसतं, टोंगळा कडक होतो आणि कधी कधी परत भूल देऊन वाकवावा लागतो.

यात भर म्हणजे सातव्या आणि आठव्या दिवशी गावातल्या एका डॉक्टरकडून "दुखण्याची सुई" मारून घेतली होती. सुनेने रिकामी बाटली ठेवली होती म्हणून कळलं, डायक्लोफेनॅक. फाईल कोणी दाखवली नाही आणि त्याने मागितलीही नाही. मला याचा खूप राग येतो. जनावरांना हेच औषध द्यायचे आणि ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाला ते चालतं, चांगलं औषध आहे, पण कोणत्या माणसाला ते आधी बघावं लागतं ना.

पहिल्या दिवशी मी एकही सुई काढली नाही. आधी दुखणं मोजलं. हॉस्पिटलमध्ये शून्य ते दहा विचारतात, काकूंना ते काही केल्या जमेना, सगळ्यालाच दहा म्हणत होत्या. मग मी विचारलं, काकू, रुपयाचे सोळा आणे, तर त्यात किती आणे दुखते? तर लगेच हिशेब आला, "पडल्या पडल्या आठ आणे व पोरी. वाकवलं त चौदा आणे. रात्री दोन वाजता सोळाच्या सोळा." तेव्हापासून या केसमध्ये मी आण्यातच लिहिलंय, आणि त्या पिढीच्या पेशंटला हे दहाच्या मापापेक्षा खूप नीट कळतं असा माझा अनुभव आहे.

टोंगळा ४५ अंश वाकत होता. दोन आठवड्यांत ९० च्या आसपास यावा अशी अपेक्षा असते, म्हणजे आपण अर्ध्यावर. बाजेवर टोंगळ्याखाली गोधडीची जाड घडी घालून ठेवली होती, बरं वाटतं म्हणून. ती आधी काढली. टोंगळ्याखाली उशी ठेवली की आराम वाटतो पण पाय सरळ होणं थांबतं, पुढे जन्मभर लंगडत चालावं लागू शकतं. उशी ठेवायचीच तर टाचेखाली.

आणि मग पोटरी. उजवी पोटरी दाबली की काकू कळवळल्या, टेपने मोजली तर डावीपेक्षा ३ सेंटीमीटर जास्त. ऑपरेशनच्या पायाला सूज असतेच, पण एवढी सूज आणि वर दाबल्यावर दुखणं म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस जातो. रक्त पातळ राहायची गोळी चालू होती तरीही. मी तिथूनच सर्जनना फोन लावला, ते म्हणाले उद्या सकाळी घेऊन या. मुलगा वैतागला, साहजिक आहे, गाडीभाडं, वेचणीचा सीझन, मजूर मिळत नाहीत, "तुम्ही सुया टोचाले आल्या न ताई, मंग पुन्हा अमरावती काहून?" मी त्याला म्हटलं, दादा, उद्या मी सुया टोचल्या आणि दुखणं खरंच कमी झालं, तर आत गाठ असली तरी तुम्हाला आणि मला ती कळणार नाही. दुखणं कशाचं आहे हे माहीत नसताना ते दाबणं हीच यातली सगळ्यात मोठी चूक, मग ते गोळीने दाबा, इंजेक्शनने दाबा नाहीतर माझ्या सुईने दाबा.

दहाव्या दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली, गाठ निघाली नाही. जखमेत पू नव्हता. क्रिएटिनिन मात्र १.९ आलं, इंजेक्शन कायमची बंद, पाणी वाढवा, परत तपासा. सर्जननी ट्रामाडॉलची अर्धी गोळी उलटीच्या गोळीसोबत परत घेऊन बघा म्हटलं, काकूंनी हात जोडले. मी ॲक्युपंक्चरचं विचारलं तर ते म्हणाले करा, पण माझ्या टोंगळ्याजवळ सुई नको. बरोबरच आहे, आत धातूचा सांधा आहे, जखम ओली आहे, त्या पायात जंतू जायचा रस्ता आपण कशाला करायचा. ऑपरेशनच्या आख्ख्या पायात एकही सुई नाही असं आम्ही ठरवलं.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, पहिली बैठक. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. "आखीन टोचतं का व मले? आधीच ह्या टोंगळ्यात लोखंड घातलं त्याईनं." मी सीलबंद पाकीट त्यांच्या हातात दिलं, फोडायला लावलं. आतली सुई पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनची नेहमीची सुई साधारण पाऊण मिलिमीटर असते आणि तिला आतून भोक असतं, हिला नाही. काकू उजेडात धरून बघत राहिल्या. "मले वाटलं दाभणावानी असन." आधी मी माझ्याच हातात टोचून दाखवली, मग त्यांच्या डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल जागी. "गेली का आत? मले त समजलंच नाही." मग सुई हलकेच फिरवली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला, हात जड झाल्यासारखा, मुंग्या आल्यासारखा. ते यायलाच पाहिजे, नुसती टोचून ठेवलेली सुई फारसं काही करत नाही असं आम्हाला शिकवतात.

एकूण सहा सुया. दोन्ही हातांत तो हेगू बिंदू, डाव्या कोपराच्या घडीशी एक, कारण जुन्या चिनी पद्धतीत उजव्या टोंगळ्यासाठी डावं कोपर धरतात, डाव्या पायात टोंगळ्याच्या वाटीखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला झुसानली, आणि दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला घडीपासून तीन बोटं वर नेइग्वान, हा मळमळीसाठी. मळमळ अजून थोडी राहिली होती, आणि ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या एका बिंदूचा उपयोग होतो याला चांगले पुरावे आहेत, सुई न टोचता अंगठ्याने दाबलं तरी चालतं, ते मी सुनेला शिकवून ठेवलं. कोपर आणि डावा पाय यांच्या सुयांना बॅटरीवर चालणारं छोटं मशीन जोडलं, सेकंदाला दोन ठोके, लाईट गेली तरी अडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू म्हणून सुया उथळ ठेवल्या, काढल्यावर प्रत्येक जागा दोन मिनिटं कापसाने दाबून धरली, तरी हातावर एका जागी जुन्या दोन आण्याच्या चवलीएवढा निळा डाग पडलाच.

पंचवीस मिनिटं. तेवढ्यात मुलगा विचारत होता, हे चीनवाल्यांचं आपल्याकडे कसं आलं. मला हे सांगायला आवडतं. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले होते, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू. कोटणीस तिथेच १९४२ ला वारले. बसू पुढे परत चीनला जाऊन हे शिकून आले आणि कलकत्त्याला सुरू केलं. आणि जगभर बोलबाला झाला तो १९७१ ला, जेम्स रेस्टन नावाचा अमेरिकन पत्रकार पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला गेला असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. लोक सांगतात की सुया टोचून बिनभुलीचं ऑपरेशन केलं, तसं नव्हतं, ऑपरेशन नेहमीची भुलीची इंजेक्शनं देऊन झालं होतं, नंतर पोट फुगून कळा येत होत्या तेव्हा कोपरात आणि टोंगळ्यांखाली सुया लावल्या आणि आराम पडला. म्हणजे आपण करतोय नेमकं तेच, ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी.

सुया काढल्या, पॅरासिटामॉल घेऊन तेव्हा पाऊण तास झाला होता, टोंगळ्यावर बर्फ ठेवलेला होता. आता वाकवू म्हटलं. सुईच्या आधी ५० अंशांवर चौदा आणे म्हणून ओरडल्या होत्या, आता ६२ पर्यंत गेला. "किती आणे?" काकू थांबल्या, विचार केला, "नऊ." डोळ्यात पाणी होतं पण ओरडल्या नाहीत. मग मी तो वेळ वाया जाऊ दिला नाही, अर्धा तास बाजेच्या काठावर बसवून पाय मागे सरकवणं, टाच घसटत नेणं, वॉकरवर वसरीच्या टोकापर्यंत दोन चकरा. संध्याकाळी सुनेचा फोन, आत्याबाईंचं दुखणं परत बारा आण्यावर गेलं. मला ते अपेक्षितच होतं. सुईने टोंगळा वाकत नाही हो, सुईने दोन-तीन तासांची मोकळीक मिळते, त्या वेळात जो व्यायाम होतो त्याने टोंगळा वाकतो. सुया टोचून घेऊन परत गोधडीत शिरलं तर पैसे वाया गेले असं समजा.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. पंधराव्या दिवशी दुसरी बैठक, ६० वरून ७०, बारा आण्यांवरून आठ. अठराव्या दिवशी मात्र काहीच हाललं नाही, ६८ वरून ७०, तेरावरून बारा. मी सुया परत तपासल्या, मशीन तपासलं, मग शेवटी विचारलं, गोळी कधी घेतली? तर कालपासून घेतलीच नव्हती. घरच्यांचा विचार असा की सुया चालू आहेत तर गोळ्या कशाला, किडनीला त्रास. त्यांची चूक नाही, मीच पहिल्या दिवशी ठासून सांगायला पाहिजे होतं की सुई ही गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही, आणि पॅरासिटामॉल ही बंद केलेल्या गटातली गोळी नाही. तेव्हापासून मी पाकिटावर पेनने वेळ लिहून देते.

चौथी बैठक एकविसाव्या दिवशी, गुरुवार. मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडलेला, उदबत्तीचा वास, हे सगळं डोळ्यांनी बघून मी आत गेले आणि तरी विचारलं नाही की काकू, खाल्लं काय. सकाळपासून नुसता चहा होता. सुया लावून सहा-सात मिनिटं झाली असतील, काकूंचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर गार घाम, "डोकं गरगर करून रायलं व बाई." लगेच सगळ्या सुया काढल्या, पाय वर, खिडकी उघडली, साखरपाणी. नाडी मंद होती, दहा मिनिटांत सावरल्या. उपाशीपोटी, घाबरलेल्या किंवा बसलेल्या माणसाला सुई टोचली की असं होऊ शकतं, शिकताना पहिल्या आठवड्यात सांगतात, मला माहीत होतं आणि तरी झालं. काकू आडव्या होत्या म्हणून निभावलं. त्या दिवशी व्यायाम नाही काही नाही, मी तासभर बसून राहिले, बीपी दोनदा घेतलं, सर्जनना कळवलं, आणि पैसे घेतले नाहीत.

पाचवी आणि सहावी बैठक सोमवारी आणि शुक्रवारी, जेवणानंतर. पंचविसाव्या दिवशी ८० वरून ८८, नऊ आणे ते सहा. एकोणतिसाव्या दिवशी ८८ वरून ९५, सात आणे ते पाच. मग सुया थांबवल्या, कारण आता पॅरासिटामॉल दिवसातून दोनच लागत होती आणि व्यायाम काकू स्वतः करत होत्या, सुईची गरज उरली नव्हती. सहा आठवड्यांनी १०८.

आता यातलं किती श्रेय सुयांचं? प्रामाणिकपणे सांगते, एका केसवरून सांगता येत नाही. ऑपरेशनचं दुखणं दिवसागणिक आपोआप कमी होतंच, बर्फ होता, गोधडीची घडी निघाली, गोळ्या वेळेवर झाल्या, आणि आठवड्यातून दोनदा कोणीतरी येऊन तासभर नीट ऐकून घेतं याचाही गुण असतोच. पण त्याच बैठकीत, त्याच बाजेवर, पाऊण तासात चौदाचे नऊ आणे होणं हे जखम भरल्याने होत नाही. त्यातही गोळीचा आणि बर्फाचा वाटा आहे, म्हणून तर गोळी चुकली त्या दिवशी सुई एकटी पडली. मोठ्या अभ्यासांतूनही चित्र असंच दिसतं. सांधा बदलल्यानंतर बिनऔषधी उपायांचा एक एकत्रित आढावा २०१७ ला आला होता, ३९ अभ्यास, २३९१ पेशंट, त्यात ॲक्युपंक्चरने अफूच्या गटातली औषधं लागायची वेळ थोडी पुढे गेली असं दिसलं, थोडी, फार नाही. पाय आपोआप वाकवणारं जे मशीन भाड्याने आणतात त्याचा दुखण्यावर उपयोग दिसला नाही, हे मुद्दाम सांगते कारण त्यावर लोक भरपूर पैसे घालतात. सुई टोचल्यावर शरीर स्वतःची एन्डॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं सोडतं, आणि १९७० च्या दशकातल्या काही प्रयोगांत अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिल्यावर सुईचा गुणही उतरला होता. त्यामुळे हा नुसता मनाचा खेळ आहे असं मी मानत नाही. पण खोट्या सुया लावलेल्या गटालाही बराच आराम पडतो, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

कोणाला सुया लावायच्या नाहीत तेही सांगते, कारण फोनवर हेच जास्त विचारतात. ताप आहे, जखमेतून पाणी येतंय, पोटरी टणक लाल झालीये, श्वास लागतोय, तर सुईवाल्याकडे नाही, सरळ हॉस्पिटल. पेसमेकर असेल तर करंटचं मशीन नाही. गरोदर बाईला हेगू बिंदू नाही. छातीवर-पाठीवर खोल सुई अजिबात नाही, फुफ्फुसाला भोक पडू शकतं. आणि टोचणाऱ्याचं रजिस्ट्रेशन विचारा, महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे, राज्याची कौन्सिल आहे, विचारण्यात लाजायचं काही नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडलं का आणि वापरलेली सुई पांढऱ्या टणक डब्यात गेली का ते बघा. एकच सुई चार लोकांना पुसून वापरणारे मी जत्रेत पाहिलेत, त्यातून कावीळ बी आणि सी पसरते.

परवा काकूंकडे गेले होते, सुया नव्हत्या नेल्या. वसरीत खुर्चीवर बसून सुपात तुरी निवडत होत्या, पाय चांगला मागे दुमडलेला. क्रिएटिनिन १.६ वर आलंय. फाईलच्या पहिल्या पानावर मुलाने स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "दुखण्याची सुई देऊ नये, किडनी". काकूंनी डावा टोंगळा पुढे केला, "ह्याचं काय व करतं? हाही आठ आणे दुखून रायला." मी म्हटलं उन्हाळ्याच्या आधी किडनीचा रिपोर्ट परत करा, मग सर्जनना विचारू, तोवर रोज सकाळी जेवणाआधी मांडीचा व्यायाम. सुनेने चहा ठेवला, आणि काकूंनी सूप बाजूला करून मला तो व्यायाम लगेच करून दाखवला, दहाच्या ठिकाणी पंधरा वेळा.